बाळाचं नाव ठरवताना आद्याक्षरंही वाचून पाहा

भावाच्या मुलाचं बारसं दोन दिवसांवर आलं होतं. मी आत्या, म्हणजे नाव ठेवायचा मान माझा आणि चांदीची वाटी-चमचाही मीच न्यायचा. नाव ठरलं होतं, पार्थ. घरात सगळ्यांना आवडलेलं, छोटंसं, सोपं. वाटीच्या बुडाशी नाव घालून घ्यावं म्हणून मी दुकानात थांबले. वाटी एवढीशी, त्यात पूर्ण नाव मावेना. कारागिरानं कागदाचा कपटा पुढे केला, ‘‘ताई, आद्याक्षरं लिहून द्या.’’ मी आधी बाळाचं लिहिलं, मग त्याच्या बाबांचं. भावाचं नाव ‘प’वरून सुरू होतं. कागदावर उमटलं ‘पा. प.’ आणि माझा हात तिथेच थांबला. दहा दिवस ते नाव आम्ही येता-जाता उच्चारत होतो, पण एकदाही कुणी लिहून पाहिलं नव्हतं.

बारशाला मी बाळाच्या कानात ‘अर्जुन’ म्हटलं. पार्थ म्हणजे अर्जुनच, माणूस तोच, अक्षर दुसरं. तेव्हापासून नात्यात, शेजारी, ऑफिसात कुणाकडे बाळ येणार असलं की मी वही घेऊन बसते. पहिल्यांदाच आई-बाबा होणाऱ्यांना हे काम कुठून सुरू करायचं तेच कळत नाही, म्हणून ते क्रमानं सांगते.

आधी कागद, नंतर नावांची यादी

बहुतेक घरांत क्रम उलटा असतो. आधी शंभर नावं जमवायची, त्यातलं एक जिवाला लागतं, आणि मग कुणीतरी दाखवून देतं की आद्याक्षरं विचित्र दिसतात. तोवर आजी त्याच नावानं बाळाला हाका मारायला लागलेली असते. मग वाद होतात आणि मनं दुखावतात.

त्यापेक्षा हे पाहा की आपल्याकडच्या पूर्ण नावात निवडायचं असतं ते एकच, बाळाचं. वडिलांचं नाव ठरलेलं आहे, आईचं ठरलेलं आहे, आडनाव तर पिढ्यान् पिढ्या ठरलेलं. म्हणजे आद्याक्षरांची ओळ जवळजवळ पूर्ण तयार आहे, पहिली जागा तेवढी रिकामी आहे. सातव्या-आठव्या महिन्यात निवांत बसून त्या रिकाम्या जागेत एकेक अक्षर घालून बघा. कोणती अक्षरं आपल्या घरासाठी अडचणीची आहेत ते अर्ध्या तासात समजतं. अशी अक्षरं सहसा दोन-चारच निघतात. ती कागदाच्या एका कोपऱ्यात लिहून ठेवा आणि मग खुशाल नावं शोधा. एकही नाव मनात बसण्याआधी हे झालं की कुणाचंच मन मोडत नाही.

देवनागरीतली आद्याक्षरं

मराठीत आद्याक्षर म्हणजे पूर्ण अक्षर, मात्रेसकट. पुरुषोत्तम लक्ष्मण देशपांडे यांचं पु. ल. झालं, ‘प. ल.’ नाही. गजानन दिगंबर माडगूळकरांचं ग. दि. मा. आणि त्यातून ‘गदिमा’. जोडाक्षर असेल तर तेही अखंड राहतं. श्रीपादचं ‘श्री.’, प्रल्हादचं ‘प्र.’, त्र्यंबकचं ‘त्र्यं.’. अनुस्वारही सोबत येतो, म्हणून शंकरचं ‘शं.’.

याचा परिणाम असा की मराठी आद्याक्षरं जोडून वाचली की बऱ्याचदा खरोखरचा शब्द तयार होतो. इंग्रजीत स्वर जुळून यावा लागतो, आपल्याकडे तो अक्षरातच असतो. त्यामुळे शब्द चांगला निघण्याची शक्यता जेवढी, तेवढीच वाईट निघण्याचीही.

एकच नाव दोन घरांत कसं बदलतं बघा. मल्हार हे नाव सध्या खूप ठेवलं जातं. बाबांचं नाव नचिकेत असेल तर ‘म. न.’, म्हणजे मन. किती गोड! पण बाबा रणजित असतील तर ‘म. र.’. हे कुणाही आईला डब्यावर कोरलेलं बघवणार नाही. शर्वरी हे सुंदर नाव, वडील वरद असतील तर ‘श. व.’ होतं, आणि शव म्हणजे प्रेत. शिवानी आणि वडील विनायक, तर ‘शि. वि.’. लिहिताना काही वाटत नाही, मोठ्यानं वाचलं की ‘शिवी’ ऐकू येते. सायली आणि परेश, ‘सा. प.’. नक्षत्रा आणि गणेश, ‘न. ग.’, आणि आपल्याकडे ‘नग आहे अगदी’ कशाला म्हणतात ते सगळ्यांना माहीत आहे. पार्थचं तर सांगितलंच. पार्थच्या वडिलांचं नाव ‘द’वरून, म्हणजे दत्तात्रय किंवा दयानंद असेल, तर जे तयार होतं ते ऐकून चौथीचा वर्ग आठवडाभर हसेल.

उलट बाजूही आहे. दिविजा आणि वासुदेव, ‘दि. वा.’. रमा आणि सचिन, ‘र. स.’. आरोही आणि ईश्वर, ‘आ. ई.’. गार्गी आणि यतीन, ‘गा. य.’, हे कुणाला गोड वाटेल, कुणाला वाटणार नाही, घरात विचारून घ्या.

जोडाक्षर मात्र इथे अनेकदा वाचवतं. सायलीचे बाबा प्रशांत असतील तर ‘सा. प्र.’ होतं, त्यातून काहीच निघत नाही. प्रसाद, प्रवीण, प्रमोद, प्रकाश हे सगळे बाबा यात सुटले. पंकजही सुटला, कारण त्याचं ‘पं.’ होतं. म्हणून ‘दोघांची नावं प वरून आहेत’ एवढ्यावर घाबरू नका, खरं अक्षर लिहून पाहा.

आजोबांचं नाव नातवाला ठेवायची पद्धत ज्या घरात आहे, त्यांनी एक जास्तीची गोष्ट बघावी. तिथे बाबांचीच आद्याक्षरं उलटी होतात. बाबा शरद विनायक, तर बाळ विनायक शरद. बाबांचं ‘श. वि.’ कुणाला कधी खटकलं नसेल, पण बाळाचं ‘वि. श.’ होतं, आणि कानाला ते थेट विष लागतं.

इंग्रजीतली आद्याक्षरं

शाळेचं ओळखपत्र, ई-मेल, क्रिकेटचा धावफलक, ऑफिसातली फाईल, इथे बहुतेक ठिकाणी इंग्रजीच चालतं. म्हणून दुसरी फेरी इंग्रजीची. इथली गंमत वेगळी आहे. देवनागरीत जी अक्षरं एकमेकांपासून दूर असतात ती इंग्रजीत एकाच अक्षराखाली गोळा होतात. स, श, ष या तिघांना एस. अ, आ, ऐ यांना ए. ट, ठ, त, थ या चौघांना टी. ड, ढ, द, ध आणि मराठी पद्धतीनं लिहिलेला ज्ञ, सगळे डी.

त्यामुळे आपल्याकडे एक जुळणी फारच वारंवार होते. बाळांची नावं सध्या ए वरून भरपूर. आरव, आरोही, अन्वी, अद्वैत, अर्णव, आद्या. ज्यांना आज मुलं होत आहेत त्या बाबांची नावं एस वरून भरपूर. सचिन, सागर, स्वप्नील, संदीप, शैलेश. आणि आडनावं? शिंदे, सावंत, साळुंखे, शेलार, सोनावणे, साठे. तिन्ही एकत्र आली की ए. एस. एस., म्हणजे इंग्रजीत गाढव आणि त्याहून हलका अर्थही. मराठी माध्यमात एक वेळ खपून जाईल. इंग्रजी माध्यमात पाचवीपर्यंत कुणी ना कुणी ते वाचतंच. तुमचं आडनाव एस वरून आणि बाबांचं नावही एस वरून असेल, तर कोपऱ्यातल्या यादीत ए हे अक्षर आजच लिहा. या लेखातली एकच गोष्ट करणार असाल तर ही करा.

आडनाव डी वरून असेल, देशपांडे, देशमुख, देसाई, दाते, डोंगरे, आणि बाबांचं नाव ए वरून, अमित, अजय, अक्षय, तर पुढे एस, एम, बी ही तीन अक्षरं टाळलेली बरी. सॅड, मॅड, बॅड असे शब्द होतात. आडनाव जी वरून, गोखले, गायकवाड, घाटगे, आणि बाबा ओंकार, तर डी नको. देवांश ओंकार गायकवाडचं डॉग होतं. आडनाव पी वरून आणि बाबा इंद्रजित, तर आर नको. रेवा इंद्रजित पवार लिहून बघा. आर. आय. पी. ही अक्षरं आपण कुणी गेलं की मोबाईलवर लिहितो.

अलीकडे एक नवीन जात निघाली आहे, ती आपल्या आई-वडिलांच्या वेळी नव्हती. ओवी तुषार पाटील, ओटीपी. कबीर योगेश चव्हाण, केवायसी. आरोही तुषार मोरे, एटीएम. ईशाचं नाव इंग्रजी ई वरून लिहिलं आणि ती ईशा मंदार इनामदार असेल, तर ईएमआय. फडके आडनाव जे एफ वरून लिहितात त्यांच्या परी दीपक फडकेचं पीडीएफ होतं, पीएच वरून लिहिणाऱ्यांचं होत नाही. माझं मत विचाराल तर यातलं एकही नाव सोडू नये. ओटीपी म्हणून चिडवलं तर मूलही दोन दिवस हसेल आणि विसरेल. ओवी किती छान नाव आहे! मुलाला लाज वाटेल असं काय आणि नुसतं मजेशीर काय, एवढा फरक मनाशी स्पष्ट ठेवला की पुढची वणवण वाचते.

आता मधे आईचं नावही येतं

महाराष्ट्रात राहणाऱ्यांनी हे नीट वाचावं, कारण जुन्या सल्ल्यांत हे सापडणार नाही. मार्च २०२४ मध्ये राज्य मंत्रिमंडळानं निर्णय घेतला आणि १ मे २०२४ पासून किंवा त्यानंतर जन्मलेल्या मुलांच्या शासकीय कागदपत्रांवर क्रम ठरला तो असा: बाळाचं नाव, मग आईचं नाव, मग वडिलांचं नाव, मग आडनाव. मला हा निर्णय मनापासून आवडला. नऊ महिने पोटात वाढवलेल्या बाळाच्या नावात आई कुठेच नसायची, ती आता बाळाच्या अगदी शेजारी येऊन बसली.

पण आद्याक्षरं आता तीनाची चार झाली. यानं काही जुने पेच आपोआप सुटतात. मल्हार आणि रणजित यांच्या मधे समिधा आली की ‘म. स. र.’, काही अडचण नाही. ए. एस. एस. मध्येही आईचं अक्षर शिरलं की शब्द मोडतो. काही पेच मात्र नव्यानं तयार होतात. बाळ नमन, आई रश्मी, बाबा कपिल, तिन्ही नावं एकेकटी किती चांगली, पण ओळीनं ‘न. र. क.’. इंग्रजीत देवांश, आई ईशा, बाबा अमित, आडनाव देशपांडे, आणि ईशाताईंच्या कागदपत्रांवर त्यांचं नाव इंग्रजी ई वरून असेल, तर डी. ई. ए. डी. असं होतं. हे मी मुद्दाम शोधून काढलेलं नाही, एका मैत्रिणीच्या यादीतून जवळपास असंच पुढे आलं होतं.

आणि कधी कधी नशीब असं उजळतं की चारही अक्षरं मिळून शब्द होतो. बाळ समर्थ, आई रश्मी, बाबा गणेश, आडनाव महाजन. स, र, ग, म!

लोक तोंडी आणि रोजच्या वापरात अजून आईचं नाव गाळूनच लिहितात, निदान पुढची काही वर्षं लिहितील. तेव्हा दोन्ही ओळी तपासा, आईसकट आणि आईशिवाय. एकच तपासून थांबू नका.

क्रम बदलून पाहा

दहावीच्या गुणपत्रिकेवर आडनाव आधी छापलं जातं, ते आपण सगळ्यांनीच पाहिलंय. कित्येक ऑफिसांच्या याद्याही तशाच. म्हणून अक्षरं फिरवून एकदा वाचा. ओवी तुषार पाटील आडनाव आधी घेतलं की पी. ओ. टी. होतं. अमेरिकेत पिशव्या, टॉवेल, उशांवर तीन अक्षरं भरतकामात काढायची पद्धत आहे, त्यात आडनावाचं अक्षर मधोमध आणि मोठं असतं. तिथे तीच ओवी ओ. पी. टी. होईल. ऑप्ट अगदी निरुपद्रवी आहे, पॉटला मात्र इंग्रजी बोलीत गांजा असाही अर्थ आहे, तेव्हा तुमच्या बाबतीत काय निघतं ते बघा. तिकडच्या मराठी घरांत जन्मदाखल्यावर मधलं नाव बहुधा वडिलांचंच टाकतात. मधे आईचं नाव घालायचं का, हे तिथे तुमच्या हातात आहे. आद्याक्षरं अडत असतील तर तो रस्ता जरूर वापरा.

ई-मेलसाठी अनेक कंपन्या नावाचं पहिलं अक्षर आणि लगेच आडनाव जोडतात. लहान आडनावांनी हे बघावं. सई ओक लिहा, इंग्रजीत भिजण्याचा शब्द तयार होतो. वाईट नाही, पण माहीत असलेलं बरं.

पत्रिकेतलं अक्षर आलं तर

बऱ्याच घरांत नाव नक्षत्राच्या चरणावरून निघतं. सत्तावीस नक्षत्रं, प्रत्येकाची चार चरणं, अशी एकशे आठ अक्षरं. रोहिणीची ओ, वा, वी, वू. मघाची मा, मी, मू, मे. गुरुजींनी सांगितलेलं अक्षर नेमकं तुमच्या कोपऱ्यातल्या यादीत निघालं, तर आजी-आजोबांशी भांडायची मुळीच गरज नाही. नक्षत्रनाव वेगळं आणि व्यवहारातलं नाव वेगळं, ही आपली फार जुनी रीत आहे. हस्त नक्षत्राची अक्षरं पू, ष, ण, ठ आहेत. ‘ण’वरून नाव कोण ठेवणार? अशा बाळांना पूर्वीपासून व्यवहारात दुसरंच नाव मिळत आलंय. पत्रिकेत एक नाव लिहा, बारशाला हवं तर तेही कानात सांगा आणि दाखल्यावर दुसरं घाला. ज्येष्ठांना हे पटतं, कारण ते त्यांच्याच घरात घडलेलं असतं.

नाव आवडलंय, अक्षर अडतंय

असं झालं तर पहिला उपाय आम्ही केला तोच, त्याच अर्थाचं दुसरं नाव शोधा. आपल्याकडे विष्णूला हजार नावं आहेत आणि ललितेलाही हजार. आदित्य अडला तर मिहिर आहे, भास्कर आहे, अर्क आहे, सूर्य तोच. रेवा अडली तर नर्मदा, एकच नदी. गोदावरी अडली तर गौतमी. नाव निवडताना आपलं मन ज्यात गुंतलेलं असतं तो बहुधा अर्थ असतो, एखाद्या देवावरची, नदीवरची, फुलावरची माया असते. ती तशीच ठेवून अक्षर बदलता येतं.

फक्त बदलल्यावर पुन्हा तपासा. रणजितरावांनी मल्हार सोडून खंडोबाचंच मार्तंड हे नाव घेतलं, तर ‘म. र.’चं ‘मा. र.’ होतं. आगीतून फुफाट्यात!

दुसरा उपाय मात्रेचा. सायली ऐवजी सई घेतलं की ‘सा. प.’ राहत नाही. तिसरा इंग्रजी स्पेलिंगचा, पण तो ईशासारख्या मोजक्या नावांतच चालतो, जिथे आय आणि ई दोन्ही रूढ आहेत. नुसत्या आद्याक्षरासाठी विचित्र स्पेलिंग करू नका. आद्याक्षरं वर्षातून चार वेळा लिहायची वेळ येईल, स्पेलिंग रोज सांगावं लागेल.

आणि चौथा उपाय म्हणजे आद्याक्षरं दुसऱ्या लिपीतली वापरणं. श्रीधर महादेव जोशी आयुष्यभर एस. एम. जोशी म्हणून ओळखले गेले. श्रीपाद महादेव माटे मात्र श्री. म. माटे. नावांची सुरुवात सारखीच, पण एकानं इंग्रजी अक्षरं घेतली, एकानं मराठी. गुरुनाथ आबाजी कुलकर्णीही मराठीत लिहून जी. ए. झाले. एका लिपीत अडलं तर दुसऱ्या लिपीत वाट असते. पण ती वाट मूल मोठं झाल्यावर स्वतः निवडेल. शाळेच्या वयात ते तुमच्या-माझ्या आणि बाईंच्या हातात असतं, म्हणून नावाची निवड करताना यावर फार विसंबू नये.

काही वेळा मात्र सगळं बघून, सगळं कळूनही तेच नाव ठेवावंसं वाटतं. जरूर ठेवा. द. मा. मिरासदारांची आद्याक्षरं जोडली तर एका आजाराचं नाव होतं, आणि महाराष्ट्रानं ती अक्षरं मायेनंच उच्चारली. माझा आग्रह एवढाच की ठरवताना ते तुम्हाला दिसलेलं असावं, बारशानंतर दुसऱ्या कुणी दाखवू नये.

मुलांना विचारा

शेवटी उरलेली तीन-चार नावं पूर्ण आद्याक्षरांसह एका कोऱ्या कागदावर मोठ्या अक्षरांत लिहा, दोन्ही लिप्यांत. मग घरातल्या किंवा शेजारच्या दहा-अकरा वर्षांच्या मुलाला बोलावून विचारा, यावरून कुणाला काय चिडवता येईल? मोठ्यांना जे महिनाभर दिसत नाही ते त्या वयाचं मूल अर्ध्या मिनिटात सांगतं. माझ्या भाचीनं एकदा ‘शि. वि.’ असं वाचल्याबरोबर पकडलं होतं. आम्ही सहा मोठी माणसं त्याच टेबलाशी बसलेलो होतो.

भावंडाचं नाव आधी असेल तर तेही शेजारी लिहा. जुळ्यांना किंवा पाठोपाठच्या मुलांना एकाच अक्षरावरून नावं ठेवायची हौस असते, आरव-आरोहीसारखी. कानाला छान लागतं. पण मग दोघांची आद्याक्षरं शेवटपर्यंत तीच राहतात, कारण पुढची सगळी अक्षरं एकच आहेत. कुरिअर, वह्या, डबे, पुढे बँकेची पत्रं, सगळ्यात घोळ होतो. जुळ्यांना तर जन्मतारीखही एकच असते, तेव्हा त्यांच्यासाठी दोन वेगळी अक्षरं घ्या, असं मी आग्रहानं सांगेन.

मुलीचं पुढे लग्न होईल, नाव बदलेल, मग एवढं कशाला बघायचं, असं काहीजण म्हणतात. पहिलं म्हणजे आता अनेक मुली नाव बदलत नाहीत. दुसरं, बदललं तरी त्याआधीची पंचवीस-तीस वर्षं, तिची सगळी शाळा आणि कॉलेज, याच अक्षरांखाली जातं.

दाखल्यावर लिहिताना

जन्माची नोंद २१ दिवसांत व्हायला हवी. बाळंतपण झालेल्या दवाखान्यात फॉर्म पुढे येतो तेव्हा घरचे दमलेले असतात आणि नावाच्या रकान्यात सुचेल ते लिहून मोकळे होतात. तसं करू नका. नाव न घालताही नोंद होते. त्यानंतर १२ महिन्यांत नाव विनाशुल्क घालता येतं, आणि पुढे १५ वर्षांपर्यंत विलंब शुल्क भरून. म्हणजे घाई अजिबात नाही, पण एकदा घातलेलं नाव बदलायला मात्र खेटे घालावे लागतात. १ ऑक्टोबर २०२३ पासून जन्मलेल्या मुलांसाठी शाळाप्रवेश, मतदारयादी, वाहन परवाना, सरकारी नोकरी अशा अनेक कामांना जन्मदाखला हाच आधार धरला जातो, त्यामुळे इथली चूक सगळीकडे पोचते.

दाखला मराठी आणि इंग्रजी दोन्हींत मिळतो. हातात आला की तिथेच खिडकीपाशी उभं राहून दोन्ही वाचा. बाळाच्या नावाची पहिली मात्रा बरोबर आहे का? आईचं नाव तिच्या आधारवर जसं आहे त्याच स्पेलिंगनं आलंय का, की टाइप करणाऱ्यानं ई चं आय केलं? बाबांचं प्रशांत ‘प्र’च आहे ना? एका अक्षरानं आद्याक्षर बदलतं हे आता तुम्ही पाहिलंच आहे. चूक दिसली तर त्याच दिवशी अर्ज द्या, नवा असताना दुरुस्ती सोपी जाते.

पासपोर्ट काढाल तेव्हा तिथे दोनच रकाने असतात, दिलेलं नाव आणि आडनाव. आपल्याकडे बाळाच्या नावापुढे बाबांचं नाव त्याच रकान्यात घालतात आणि विमानाच्या तिकिटावर दोन्ही एकमेकांना चिकटून छापली जातात. जन्मदाखल्यावर जो क्रम आहे तोच इथे ठेवा.

हे सगळं उरकलं की मग भांड्यांच्या दुकानात जा. स्टीलच्या डब्यावर नाव घालणारं ते पेनासारखं छोटं मशीन अजून आहे. ते घरघरत पुढे सरकतं आणि बारीक टिंबांतून एकेक अक्षर उमटत जातं. आमच्या अर्जुनच्या वाटीच्या बुडाशी शेवटी आद्याक्षरं घातलीच नाहीत. कारागिरानं अक्षरं थोडी लहान केली आणि त्याचं अख्खं नाव बसवलं.